गाडी कट्ट्याला लावणे

आमच्या मयूरने गाडी घेतली ती आईसाठी. हे मी म्हणत नाही, तोच म्हणतो. शोरूममध्ये म्हणाला, शेजारच्या दामलेंना जिन्यात अडवून म्हणाला, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर दोनदा टाकलं. पांढरीशुभ्र, सात सीटची, आमच्या हॉलपेक्षा जरा मोठीच. "आईला येवल्याला मावशीकडे न्यायचंय ना, म्हणून." ऐकणारा लगेच माझ्याकडे बघायचा, की बाबा, असा मुलगा मिळायला तू मागच्या जन्मी काय केलं होतंस. मीही मान हलवायचो. बापाने दुसरं काय करायचं?

मी केरू, मयूरचा अण्णा. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो, बहुतेक सगळी पेठ-सुरगाण्याच्या घाटात. माझ्या बसला सजावट म्हणजे दसऱ्याला झेंडूचा हार, तोही दुसऱ्या दिवशी बकऱ्या खायच्या. त्यामुळे गाडी सजवणं या विषयातलं मला काही कळत नाही, असं मयूरचं मत आहे. मत तसं बरोबर आहे.

आमची ही, चंद्रभागा, मूळची मालेगावकडची. तिची थोरली बहीण नवसाबाई येवल्यात असते. आई-बाप कधीच गेले, त्यामुळे नवसाचं घर तेच हिचं माहेर. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, झोका खेळतात, पुरणपोळी अन् आमरस खाऊन येतात. पण हिचे गुडघे गेले, अन् नवसा न्हाणीत पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. दोन बहिणींचे मिळून चार पाय, त्यातला धड एकही नाही. तीन वर्षं दोघी फोनवर अहिराणीत बोलतात, रडतात आणि ठेवतात. यंदा नवसाने एकच घोशा लावला होता. आखाजीला ये, पुढची आखाजी मला दिसेल की नाही काय माहीत. हे ऐकल्यापासून हिचं कशात लक्ष नव्हतं. कुरडयांचा डबा तर तिने होळीलाच भरून ठेवला होता.

पाडव्याला गाडी दारात आली. हिने ओवाळलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं चिरडली. मी म्हटलं, आता एकदा बसून बघ. तर मयूर आडवा आला. सीटवर कंपनीचं प्लास्टिक होतं, ते मळलं असतं. शिवाय गाडी अजून तयार व्हायची होती. तयार म्हणजे काय, तर सगळ्या वस्तू बसवून झाल्या की मगच आईला बसवायचं, आणि पहिली चक्कर थेट येवल्याची, आखाजीला. मध्ये महिना होता. आमची सून तेजस्विनी, ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तपासल्याशिवाय बोलत नाही. ती हळूच म्हणाली होती की आधी आईंना चढता येतं का ते तरी बघा. पण नव्या गाडीवाल्याला नव्या नवऱ्यासारखंच काही ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन मयूर मुंबई नाक्याजवळ चंदरशेठच्या दुकानात गेला. मला कशाला नेलं, तर सोबत. चंदरशेठ मोठा गोड माणूस. त्याने आधी चहा मागवला, मग गाडीला एक फेरी मारली आणि चेहरा असा केला, जसा डॉक्टर रिपोर्ट बघून करतात. म्हणाला, गाडी चांगली आहे, पण नागडी आहे. कंपनी फक्त गाडी देते, लूक आपण द्यायचा असतो. मयूरला स्वतःच उघडा पडल्यासारखं झालं असावं, कारण तिथून पुढे त्याने एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही. एक सोडून, ते पुढे सांगतो.

पायाखालच्या मॅट घेतल्या, त्या म्हणे सेव्हन-डी. सिनेमासुद्धा थ्री-डीवर थांबतो, पण आमची चप्पल सात डीवर टेकणार. सीट कव्हर घेतली चामड्याच्या रंगाची. ती कंपनीच्या प्लास्टिकवरूनच चढवली, कारण प्लास्टिक काढायला मयूरचं मन होईना, आणि कव्हर मळू नयेत म्हणून वर टॉवेल आले. टपावर माशाच्या परासारखा एक शेंडा बसवला. का, विचारू नका, मीही विचारलं नाही. आतून निळे-जांभळे दिवे लावले. सुगंधाची बाटली घेतली, तिच्यावर लिहिलं होतं 'समुद्र', आणि वास येत होता न्हाव्याच्या दुकानाचा. दारांच्या खालच्या कडेला चकचकीत स्टीलसारख्या पट्ट्या लावल्या. त्या कशासाठी, असं मी विचारलं. चंदरशेठ म्हणाला, शोभेसाठी. प्रामाणिक माणूस.

मग सेन्सर बसवले. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना, वर चार कॅमेरे. गाडी कशाच्याही जवळ गेली की आत पडद्यावर लाल रेघ येते आणि गाडी बोंबलायला लागते. माझ्या वेळी हे काम कंडक्टर करायचा. तो 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायचा. हे यंत्र सारखं 'नको, नको' म्हणतं, एवढाच फरक.

सगळ्यात शेवटी चाकं. कंपनीची चाकं म्हणे बारीक दिसत होती. जाड टायर घातले, गाडी दीड-दोन इंचांनी उंच झाली. मयूर लांब जाऊन बघत राहिला, त्याच्या डोळ्यांत अक्षरशः पाणी यायचं बाकी होतं. तेव्हा मात्र मला राहवेना. ड्रायव्हरची नजर आहे, पायरी किती उंच आहे ते मला मोजावं लागत नाही. मी म्हटलं, चंदरशेठ, याला खाली पाय ठेवायला पायदान बसतं ना, ते टाका, आमच्या घरात गुडघेदुखीचं माणूस आहे. चंदरशेठ लगेच हो म्हणाला. फूटस्टेप आहे, मजबूत आहे, लगेच लावतो.

आणि इथे मयूरने आयुष्यातला तो एकमेव नकार दिला.

"अण्णा, ते लावलं की गाडी काळी-पिवळीसारखी दिसते."

त्र्यंबकच्या रस्त्याला ज्या काळ्या-पिवळ्या जीपा चालतात, मागे पायदानावर चार माणसं लोंबकळतात, त्या. दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकं हसली. चंदरशेठही हसला, गिऱ्हाईक हसलं की त्याला हसावं लागतं. मला राग आला. एकतीस वर्षं मी असल्याच माणसांची ने-आण केली, त्या पायदानावरची पोटासाठी फिरणारी माणसं मला चांगली माहीत आहेत. पण चारचौघांत मुलाशी काय भांडायचं? मी तोंड शिवलं. घरी आल्यावरही शिवलेलंच ठेवलं. करा तुमची गाडी तयार, मला काय करायचंय, असं मनात म्हटलं. हे माझं चुकलं, आत्ताच कबूल करतो. हिच्यासाठी तरी मी तोंड उघडायला हवं होतं.

मागच्या काचेवर काय लिहायचं, यात एक अख्खा रविवार गेला. चंदरशेठकडे नमुन्यांची वहीच आहे. शेवटी 'आईचा आशीर्वाद' ठरलं. अक्षर वळणदार की सरळ, रंग सोनेरी की चंदेरी, यावर मयूरने अर्धा तास विचार केला. आईला कोणी विचारलं नाही. आशीर्वादच घ्यायचा होता, परवानगी थोडीच.

आखाजी उजाडली. सकाळी सात वाजता ही तयार होऊन खाली आली, नवसाच्या मुलाने मागावर विणलेली पैठणी नेसून. हातात कुरडयांचा डबा. खाली पंपाच्या खोलीला लागून सिमेंटचा कट्टा आहे, तिथे सकाळी बायका बसतात, संध्याकाळी ही पण बसते. त्या सगळ्या गाडीकडे बघत होत्या. मयूरने मागचं दार उघडलं आणि म्हणाला, "ये आई, बैस." ओवाळताना जेवढा चेहरा फुलला नव्हता तेवढा हिचा तेव्हा फुलला होता.

हिने वरची मूठ धरली, पाय उचलला. पाय अर्ध्यात थांबला. परत उचलला, परत थांबला. मयूर दुसऱ्या बाजूने आत शिरून हाताला धरून ओढायला लागला, मी मागून आधार दिला, आणि ही मध्ये. कट्ट्यावरच्या बायका आता हिच्याकडे बघायला लागल्या. हिने दबक्या आवाजात म्हटलं, सोडा. तेजस्विनी धावत जाऊन प्लास्टिकचं स्टूल घेऊन आली. ही त्यावर चढली, आणि खालच्या गुळगुळीत फरशीवरून स्टूल सरकलं. तेजस्विनीने कमरेला मिठी मारून धरलं म्हणून वाचली, नाहीतर नवसाच्या शेजारचीच खाट धरावी लागली असती.  मग ही हसली. मला रडली असती तर चाललं असतं.

"तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "नवसाला सांगा, पुढच्या आखाजीला येते." आणि कुरडयांचा डबा तिने मयूरच्या हातात दिला.

 मयूर म्हणाला, आई, आपण फिजिओथेरपी सुरू करू. म्हणजे गाडीची चाकं लहान होणार नव्हती, आईचे पाय लांब करायचे होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर शिवलेलं तोंड मी उसवलं.

"किल्ली दे."

तो म्हणाला, अण्णा, ऑटोमॅटिक आहे, तुम्हाला सवय नाही. मी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. त्याने किल्ली दिली. ती कसली किल्ली, साबणाची वडी.

आता हे नीट ऐका, कारण एवढी एकच गोष्ट मला येते. पेठच्या बाजूला पाड्यापाड्यांवर म्हाताऱ्या टोपल्यांत भात-नागली घेऊन उभ्या असायच्या. बसची पायरी त्यांच्या कमरेएवढी. त्यांना धरून ओढायचं म्हणजे त्यांचीही लाज जाते अन् वेळही जातो. म्हणून माझे प्रत्येक थांब्यावर कट्टे ठरलेले होते. कुठे शाळेचा ओटा, कुठे शेताचा बांध, कुठे मोरीचा कठडा. म्हातारी आधी त्यावर चढून उभी राहायची, आणि मी बस अशी लावायचो की पायरी आणि ओटा एका पातळीला यावेत, मध्ये फार तर वीतभर अंतर. म्हातारी नुसती पुढे चालायची अन् बसमध्ये असायची. माझ्या बसची डावी बाजू पुढपासून मागपर्यंत खरवडलेली असे. त्यावरून मी डेपोत भरपूर बोलणी खाल्ली, पण माझ्या बसमध्ये चढताना कोणी म्हातारी पडली नाही.

पंपाच्या कट्ट्याला मागून दोन बुटक्या पायऱ्या आहेत, ही रोज त्या चढते. मी तिला म्हटलं, जा, कट्ट्यावर उभी राहा. तिला लगेच समजलं, ड्रायव्हरची बायको आहे. मी गाडीत बसलो आणि गाडी कट्ट्याकडे घेऊ लागलो. पडदा लाल झाला. यंत्र बोंबलायला लागलं, मग पुढचं, मग बाजूचं, आणि बाहेरून मयूर. त्या सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की लांब राहा. म्हातारं माणूस गाडीत घ्यायचं तर जवळ जावं लागतं, हे चंदरशेठच्या दुकानात कोणी त्या यंत्राला सांगितलं नव्हतं. मी वीतभर अंतरावर गाडी उभी केली.

पलीकडच्या दाराने आत शिरलेल्या तेजस्विनीने आतून दार ढकललं आणि खर्र असा आवाज झाला. दार कट्ट्यावरून अलगद गेलं असतं. दाराखाली ती शोभेची पट्टी होती ना, ती घासली. एक टोक सुटून वर आलं. ही मात्र दोन पावलं चालली आणि ओसरीतून घरात जावं तशी आत जाऊन बसली. कट्ट्यावरच्या एका बाईने टाळी वाजवली. मयूर खाली वाकून पट्टीवरून बोट फिरवत होता.

रस्ताभर तेच. गाडी तो चालवत होता, पण जीव सगळा मागच्या डाव्या दारात. चांदोरीपर्यंत त्याने मला सांगितलं की ओरखडा पट्टीवरच आहे की दाराच्या रंगापर्यंत गेला ते उन्हात बघावं लागेल. निफाडला थांबून उन्हात बघितलं. पुढे चंदरशेठला फोन लावला, तो गाडीभर ऐकू येत होता. चंदरशेठने अगदी आपलं माणूस गेल्यासारखा आवाज काढला आणि पट्टी नवी मागवतो म्हणाला. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. एकेक ट्रॅक्टर शेजारून जाताना यंत्र ओरडायचं आणि मयूर अंग चोरायचा. मी ट्रॅक्टर मोजत बसलो. बोललो असतो तर येवलं आलं नसतं, भांडण आलं असतं.

तेव्हा मागून हिने विचारलं, "लई खराब झाली का रे?"

मयूर म्हणाला, "नाही गं, थोडीशी."

बस, एवढंच. पण त्यानंतर ही खिडकीतून बाहेर बघेनाशी झाली. पदर सावरून, पाय जवळ घेऊन बसली. दुसऱ्याच्या घरात सतरंजीच्या कडेला बसतात ना, तशी. सीटवर टॉवेल, टॉवेलखाली कव्हर, कव्हरखाली प्लास्टिक, आणि तरीही तिला वाटत होतं की आपण बसल्याने काहीतरी मळतंय. ज्या गाडीवर 'आईचा आशीर्वाद' लिहायला अख्खा रविवार घातला, तिच्यात आई अंग चोरून बसली होती. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

नवसाचं घर येवल्याच्या जुन्या गल्लीत. बैठं घर, आत माग, बाहेर दगडी ओटा. नवसाला खुर्चीत बसवून ओट्यावर आणून ठेवलं होतं, सकाळपासूनच म्हणे. गाडी गल्लीत शिरली तशी ती वॉकर धरून उभी राहायला लागली, मुलगा तिला खाली बसवत होता अन् ती ऐकत नव्हती.

मयूरने गाडी गल्लीच्या बरोबर मधोमध उभी केली. ओट्यापासून पाच-सहा हात लांब. त्याने पडद्याकडे बघितलं, आरशात बघितलं, ओट्याच्या दगडी कडेकडे बघितलं. तेजस्विनीने दार उघडलं. हिने खाली बघितलं, जमीन लांब होती. मी ठरवलं होतं की आता मी किल्ली मागणार नाही. माझे हात कडीवर होते, पण मी उतरलो नाही.

ही म्हणाली, "राहू दे मयूर. मी इथूनच बघते तिला. गाडी नको खराब करू."

सरळ मनाने म्हणाली ती. टोमणा मारणं तिच्या स्वभावात नाही, ते खातं माझ्याकडे आहे.  मयूरचा कान शेजारून मला दिसत होता, तो लाल झाला. त्याने यंत्र बंद करायचं बटण शोधलं. ते कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं, बसवताना विचारलंच नव्हतं. मग तेजस्विनीने दार लावून घेतलं, यंत्र तसंच बोंबलत राहिलं आणि त्याने गाडी मागे घेतली, वळवली, ओट्याकडे आणली. पडदा लाल झाला. तो थांबला नाही. हात, वीत, वीतभराहून कमी. एवढ्या जवळ मीसुद्धा लावली नसती. नवीन माणूस आहे, अंदाज नाही.

तो उतरला, पलीकडून फिरून आला, ओट्यावर चढला आणि दार स्वतःच्या हाताने उघडलं. खर्र. सकाळपेक्षा जोरात. त्याने त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही.

"उतर आई," तो म्हणाला.

हिने पाय पुढे टाकला तो थेट बहिणीच्या ओट्यावर. खाली उतरावं लागलं नाही की वर चढावं लागलं नाही. नवसा वॉकर सोडून देऊन दोन्ही हात पुढे करून उभी, मागून मुलाने धरलेली. "उनी का व?" एवढंच ती म्हणाली, आलीस का म्हणून. ही नुसती गळ्यात पडली. दोघींचं मिळून एक धड माणूस उभं राहिलं होतं. कुरडयांचा डबा गाडीतच राहिला, तो मी नंतर नेऊन दिला.

आमरस झाला, पोळ्या झाल्या. दोघी बहिणी ओट्यावरच बसून होत्या, एकमेकींचे गुडघे चोळत, आणि ज्यांना पंचवीस वर्षांत कोणी विचारलं नाही अशा नातेवाइकांची चौकशी चालली होती. मयूर खालच्या पायरीवर बसला होता. पट्टी आता निम्मी लोंबत होती. त्याने ती हाताने ओढून काढली आणि बाजूला ठेवली. तेवढ्यात चंदरशेठचा फोन आला. पट्टी मिळाली होती, तीच, त्याच चकाकीची, उद्या या म्हणत होता.

मयूरने एकदा वर ओट्याकडे बघितलं.

"पट्टी राहू द्या, शेठ," तो म्हणाला. "ते पायदान आहे ना, काळी-पिवळीला लावतात तसलं? ते काढून ठेवा. दोन्ही बाजूंना."